आठशे सत्तेचाळीस

अक्षताने तिसरीच्या वर्गासाठी जो कार्यक्रम ठरवला होता, त्याला शाळेत सगळे ‘गणिताचा पिक्चर’ म्हणायला लागले होते. कोपरखैरण्यातली ती मध्यम शाळा, ना फार नावाजलेली ना टाकाऊ. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी मुलांनी आईबाबांना, आजीआजोबांना घेऊन शाळेच्या हॉलमध्ये यायचं आणि सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा. समुद्रात घर हरवलेल्या कासवाची गोष्ट होती, दीड तासाची. पण तिकिटावर खुर्चीचा नंबर छापलेला नव्हता. त्याऐवजी दोन उदाहरणं होती. तीन दुणे किती, ती रांग. विसातून आठ गेले किती, ती खुर्ची. मुलाने उदाहरण सोडवायचं आणि मोठ्यांनी त्याच्या मागोमाग जायचं. पॉपकॉर्नसुद्धा असंच. एका पुड्यात अर्धा मग, घरात माणसं पाच, तर एकूण किती मग हवेत ते मुलाने सांगितल्यावर शाळेची शिपाई गिरजामावशी पुडे भरून देणार.

आणि सिनेमा सुरू व्हायच्या आधी बरणीची स्पर्धा. काचेच्या उंच बरणीत काबुली चणे भरलेले. किती असतील याचा अंदाज मुलांनी चिठ्ठीवर लिहायचा आणि खाली लिहायचं, तो कसा काढला. बक्षीस म्हणजे एक कंपासपेटी.

ते चणे अक्षताने आदल्या रविवारी दुपारी सानपाड्याच्या घरी मोजले होते. नवरा आकाश आपणहून मदतीला बसला. दहाचे ढीग, मग दहा ढिगांचा एक शेकडा, असं करत दोघांनी जेवणाचं टेबल भरून टाकलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्या खेपेला त्याचे आठशे शेहेचाळीस आले आणि तिचे आठशे सत्तेचाळीस. एक चणा त्याच्या कोपराखाली सापडला तेव्हा दोघं खूप हसले. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि अशी दुपार बऱ्याच दिवसांत आली नव्हती. तिने आकडा कुठेही लिहून ठेवला नाही. तो फक्त त्या दोघांनाच माहीत होता.

आकाश ऐरोलीतल्या एका आयटी कंपनीत होता. त्याचा मॅनेजर निशांत याची मुलगी किमया अक्षताच्याच वर्गात होती. दोन-तीनदा तो बायकोमुलीसह त्यांच्या घरी जेवून गेला होता आणि अक्षताला वहिनी म्हणायचा. किमया शांत मुलगी, अक्षर सुंदर, पण हातचा घ्यायचं आलं की घाबरायची. गणितात ती जरा मागे आहे, हे अक्षताने निशांतला पालकसभेत सांगितलं होतं. तेव्हा तो फोनमध्ये बघत होता.

शनिवारी साडेचारपासून माणसं यायला लागली. पहिल्या पंधरा मिनिटांतच अक्षताचा जीव विटला. मुलं तिकीट हातात घेऊन बोटं मोजत उभी राहायची, तेवढ्यात बाप तिकीट हिसकावून घ्यायचा, पुटपुटत रांग शोधायचा आणि पोराला दंडाला धरून ओढत न्यायचा. एका बाईने मुलाच्या खांद्याला चिमटा काढलेला तिने पाहिला, कारण सोळातून सात गेले की आठ उरतात असं तो म्हणाला होता. पुढच्या दोन रांगांत तर तिकीट न बघताच माणसं बसली आणि उठायला तयार होईनात. पॉपकॉर्नच्या टेबलाशी कुणीही मुलाला विचारत नव्हतं. थेट टोपात हात घालून माणसं पुडे भरत होती, तोंडात टाकत होती आणि तेच हात पुन्हा टोपात घालत होती. गिरजामावशी दोनदा ओरडली, मग तिने नाद सोडला. खाली सांडलेलं पॉपकॉर्न चपलांनी तुडवून तेलकट चिखल झाला होता. हॉलभर लोण्याचा शिळा वास भरला होता. तीन आठवडे रात्रंदिवस आपण या लोकांसाठी राबलो, असं तिच्या मनात आलं.

एकच घर तिने सांगितल्यासारखं वागलं. कोपरखैरणे गावातला पंढरी म्हातारा नातीला, स्नेहलला घेऊन आला होता. दाराशी उदाहरण सोडवायला स्नेहलला चांगली पाच मिनिटं लागली आणि म्हातारा काठीवर हात ठेवून उभा राहिला. मागून लोक ढकलत होते. अक्षता मदतीला गेली तेव्हा तो म्हणाला, “राहू द्या बाई. तिला काढू द्या. मला काय घाई नाय हाय.”

सव्वापाचला चिठ्ठ्या गोळा झाल्या. हॉलच्या कडेच्या टेबलावर अक्षता एकेक उघडून बघायला लागली. दोनशे, हजार, नव्व्याण्णव. कुणी लिहिलं होतं, ‘देवाला विचारलं.’ ते वाचून तिला बरं वाटलं, निदान ती मुलाची तरी चिठ्ठी होती. स्नेहलने लिहिलं होतं आठशे चाळीस, आणि खाली वाकड्या अक्षरात, ‘वरचा थर बेचाळीस. थर वीस मोजले.’ अक्षताने ती चिठ्ठी दोनदा वाचली. असंच कुणीतरी करावं म्हणून तर तिने हे सगळं मांडलं होतं.

पुढची चिठ्ठी सुंदर अक्षरातली होती. आठशे सत्तेचाळीस. त्याखालची जागा कोरी.

तिने मान वर करून पाहिलं. आकाश प्रोजेक्टरपाशी उभा होता, लॅपटॉपची वायर लावत. तिची नजर जाणवली तसा तो वायरीवर जास्तच वाकला. तिला विचारायची गरज राहिली नाही, तरीही ती उठून त्याच्यापाशी गेली आणि हळू आवाजात विचारलं.

त्याने आधी कसला आकडा असं म्हणून पाहिलं. मग सांगितलं. शुक्रवारी ऑफिसात चहाला गेलो होतो, निशांतने सहज विषय काढला, आमची किमया गणितात मागे आहे म्हणतात वहिनी, तिला जरा कॉन्फिडन्स यायला पाहिजे. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. तोंडातून निघून गेलं.

“निघून गेलं की दिलास?” अक्षताने विचारलं.

“अगं, चण्यांचा आकडा आहे तो,” आकाश म्हणाला. “बँकेचा पिन आहे का?” आणि तो हसला. त्या रविवारी हसला होता, अगदी तसाच.

तिला त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकावंसं वाटलं आणि ती सरकली. एवढ्याशा गोष्टीसाठी, एका कंपासपेटीसाठी दोन मोठी, शिकलेली माणसं चहाच्या टेबलावर बसून कारस्थान करतात आणि एका आठ वर्षांच्या मुलीच्या हातात खोटं कोंबतात. ना कुणाची भीती होती, ना कसली नड. टोपात हात घालणारी माणसं आणि हा, यांत तिला काही फरक दिसेना.

किमयाचं नाव घ्यायचं नाही, एवढं तिने ठरवलं. माइक घेऊन तिने सांगितलं की बरणीतला आकडा स्पर्धेआधीच बाहेर गेला आहे, तो तिच्याच घरातून गेला आहे, चूक तिच्या घरची आहे, कुठल्याही मुलाची नाही. म्हणून स्पर्धा रद्द. एका मुलीने अंदाज कसा काढला ते मात्र आपण सगळे ऐकू या.

तिने स्नेहलला बोलावलं. स्नेहल स्टेजकडे निघाली तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून निशांत उठला. हातात फोन, रेकॉर्डिंग चालू.

“वहिनी, हे बरोबर नाही,” तो म्हणाला. “आमच्या किमयाचा आकडा एकदम करेक्ट आहे. तिची चिठ्ठी वाचा ना. किमया, उभी राहा. सांग सगळ्यांना, किती लिहिलंस.”

किमया उभी राहिली नाही. तिने बापाच्या शर्टाचं टोक धरून हळूच ओढलं. त्याने तिला काखेत धरून उभं केलं. आठशे सत्तेचाळीस, असं ती इतक्या बारीक आवाजात म्हणाली की त्याने फोन तिच्या तोंडापाशी नेऊन पुन्हा म्हणायला लावलं. मग कुणीतरी मागून विचारलं, कसं काढलं. किमयाने बापाकडे पाहिलं.

“मोजले,” ती म्हणाली.

“बंद बरणीतले?” मागचा माणूस म्हणाला आणि आजूबाजूची माणसं हसली. पोरीच्या गळ्यापासून कानापर्यंत रक्त चढलं. निशांतही हसला, जणू लोक मुलीच्या हुशारीवर हसत होते.

अक्षता स्टेजवरून खाली उतरली, रांगेत शिरली आणि किमयाला म्हणाली, “बस बाळा. तुझं काही चुकलेलं नाही.” निशांतकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आपण काय बोललो असतो याची तिला खात्री नव्हती. त्याच्या सेंटचा वास आणि पॉपकॉर्नचा वास एकत्र होऊन तिच्या नाकात गेला आणि तिने श्वास रोखून धरला.

मग स्नेहलने माइकवर सांगितलं, वरचा थर कसा मोजला, बरणीच्या काचेवर बोट ठेवत थर कसे मोजले, बेचाळीस गुणिले वीस कसं केलं. ती नीट सांगत होती, पण ऐकत कोण होतं? पुढच्या रांगेतल्या बाया पुडे फोडत होत्या. एकाने हाक दिली, टीचर, पिक्चर लावा आता, घरी जायचंय. दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या. शेवटच्या रांगेत पंढरी म्हातारा तेवढा उभा राहून ऐकत होता आणि ओठ हलवून नातीबरोबर गुणाकार करत होता.

आकाशने दिवे घालवले आणि सिनेमा सुरू केला. मध्येमध्ये थांबवून मुलांना प्रश्न विचारायचे असं ठरलं होतं. अक्षताने एकदाही थांबवला नाही. ती मागच्या दाराशी गिरजामावशीबरोबर उभी राहिली आणि सिनेमा संपल्यावर दोघींनी मिळून फरशी पुसली.

मुख्याध्यापिका सरस्वती मॅडमनी तिला सोमवारी बोलावून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. घरातली गोष्ट घरातच ठेवायला हवी होती, माइकवर सांगायची गरज नव्हती, एवढंच म्हणाल्या. शिवाय कार्यक्रम छानच झाला, पालकांचे मेसेज आलेत, फोटो चांगले आलेत. पुढच्या वर्षी तो पालक समितीच करील. निशांतचा अर्ज आला होता, किमयाला ब तुकडीत घालावं असा. मॅडमनी तो मंजूरही केला होता.

घरी आकाश दोन दिवस रुसल्यासारखा वागला. मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस, असं तो म्हणाला. तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं, पण त्या घरात दोनच माणसं राहत होती हे खरंच होतं. तिसऱ्या दिवशी त्याने आपणहून सांगितलं की त्याने सॉरी म्हटलं. तिला वाटलं, निदान तेवढं तरी. कुणाला, असं तिने विचारलं. निशांतला, तो म्हणाला. बिचाऱ्याची सगळ्यांसमोर फजिती झाली, त्यात आपला हात होताच.

“आणि किमयाला?”

“तिला कशाला? ती लहान आहे. विसरली असेल.”

त्यानंतर त्याच्या ताटात वाढताना, त्याचा टॉवेल उचलताना अक्षताला शिसारी यायला लागली. इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर राहिलो त्याच्या हाताचा स्पर्श आपल्याला नको होतोय, हे तिला स्वतःलाच भयंकर वाटत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी किमया भेटली. ब तुकडीत गेल्यापासून ती अक्षताला बघून वाट बदलायची. त्या दिवशी बदलली नाही. बाटली भरून झाली तरी ती उभीच राहिली.

“टीचर,” ती म्हणाली, “मी मोजले नव्हते. पप्पांनी गाडीत पाठ करून घेतलं होतं.”

“मला माहीत आहे.”

किमयाने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “पप्पांना तुम्ही सांगितलं होतं का?”

अक्षता खाली बसली, तिच्या उंचीला आली. इतके दिवस ही मुलगी असंच समजत होती. बापाने तिला काय सांगितलं असेल कोण जाणे. “नाही,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याने सांगितलं. त्याने सांगायला नको होतं. आणि तुझ्या पप्पांनी ऐकायला नको होतं.”

किमयाने मान डोलावली. तिला ते पटलं की नुसतं ऐकलं, हे कळलं नाही. घंटा झाली आणि ती वर्गात गेली.

संध्याकाळी अक्षताने हे सगळं आकाशला सांगितलं, शब्दन् शब्द. मुलीला वाटत होतं की बाईंनीच चोरी करवली, असंही सांगितलं. तो मोजे काढत होता. एक मोजा हातात धरून तो थोडा वेळ विचार करत बसला. आता तरी त्याला लागेल, असं तिला वाटलं.

मग त्याने विचारलं, “ती हे आणखी कुणाला बोललीय का?”

अक्षता उठली आणि बेसिनशी जाऊन हात धुवायला लागली.