पाऊण भाग पाणी

एनिड स्केल्टनचा डोळा दुसऱ्या बक्षिसावर होता. फेनबी गावात दर ऑगस्टला जुनी वाफेची इंजिनं माळावर जमतात आणि बाप्ये दोन दिवस चिखलात उभे राहून त्यांच्याकडे बघत राहतात. तिथल्या सोडतीत दुसरं बक्षीस होतं हॅम, चीज आणि केकने भरलेली टोपली. एनिडला लागलं पहिलं. वीतभर लांबीचं, हिरव्या रंगाचं एक इंजिन. शेतावर मळणीयंत्र ओढत नेणाऱ्या मोठ्या इंजिनांची हुबेहूब छोटी प्रतिकृती. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान, वर धुराडं, पोटात पितळी बॉयलर. दिसायला खेळणं, पण चालायचं खऱ्या वाफेवर.

टोपली जिंकलेल्या गृहस्थांनी लगेच अदलाबदल करू म्हटलं. एनिड हो म्हणणारच होती, तेवढ्यात ते म्हणाले, की नाहीतरी हे बायकांच्या कामाचं नाही. एनिडने खोकं काखोटीला मारलं आणि घर गाठलं. एकवीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचं जेवण रांधलं होतं. पाणी उकळायला तिला कुणी शिकवायला नको होतं.

सोमवारी दुपारी तिने इंजिन परसातल्या फरशीवर ठेवलं. बॉयलरच्या डोक्यावरचा, जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह फिरवून काढला, छोटं नरसाळं लावलं आणि पाणी पार गळ्यापर्यंत भरलं. खालच्या तबकडीत जळणाच्या पांढऱ्या वड्या पेटवल्या. बऱ्याच वेळाने इंजिनाने गरम पाण्याची पिचकारी मारली, चाक अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. पुन्हा पिचकारी, पुन्हा अर्धा फेरा. तिला पदर-बिदर नव्हता, पण एप्रन पुरता भिजला.

कुंपणापलीकडे होरेस पिंचबेक उन्हात बसला होता. वय एक्याऐंशी. तीस वर्षं त्याने त्या भागातल्या शेतांवर मळणीचं इंजिन चालवलं होतं. आता त्याला फक्त उजेड आणि सावल्या दिसत.

"काठोकाठ भरलंस ना गं?" त्याने विचारलं.

"जास्त पाणी, जास्त वाफ," एनिड म्हणाली.

"आणि वाफेने बसायचं कुठे? तुझ्या मांडीवर?"

कुंपण चाचपत तो अलीकडे आला आणि पालथ्या बादलीवर बसला. इंजिन निवू दे, पाणी ओतून टाक, असं त्याने सांगितलं. मग बॉयलरच्या मागच्या छोट्या काचेत दिसेल असं पाऊण भागच भरायचं. तेही पावसाचं, कारण नळाच्या पाण्यात चुना फार. आणि किटलीत तापवून, म्हणजे वड्या फुकट जळत नाहीत. व्हॉल्व्ह परत बसवण्याआधी त्याची स्प्रिंग बोटाने ओढून बघायची, अडकत तर नाही ना. वाफेने दट्ट्या हलतो त्या सिलिंडरला दोन थेंब तेल.

प्रत्येक गोष्टीवर एनिड विचारी, का? होरेस आधी वैतागला, मग रंगला. त्याच्या हाताखालचे लोक नुसते हो म्हणत आणि विसरून जात. का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

या वेळी व्हॉल्व्ह सुसकारला. एनिडने मोठ्या चाकाला बोटाने टिचकी मारली. चार थेंब उडाले. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतंच, होरेस म्हणाला, पुन्हा मार. दुसऱ्या टिचकीला इंजिन सुटलं, ते थेट मागे, फुलांच्या कुंड्यांत. सिलिंडरजवळची, दिशा बदलायची बारीक दांडी उलट्या बाजूला होती. एनिडने हातमोजा घालून इंजिन उचललं, दांडी फिरवली आणि परत सोडलं.

ते पुढे निघालं. टकटक, टकटक, फरशीच्या सांध्यांवरून उड्या मारत. अठ्ठावन्न वर्षांची एनिड कमरेत वाकून त्याच्या मागे चालत होती आणि आपण तोंड उघडं टाकलंय हे तिला कळत नव्हतं. माळावरची ती माणसं चिखलात का उभी राहतात, ते तिला आता थोडंफार समजत होतं.

"विस्तव काढ," होरेस एकदम म्हणाला.

"छान तर चाललंय."

"काढ म्हणतो ना, पोरी."

तिने तबकडी बाहेर ओढली आणि काचेत पाहिलं. पाणी तळाला, जेमतेम रेघभर उरलं होतं.

"आवाजावरून कळलं तुम्हाला?"

"आवाज कसला? मोजत होतो मनात. एवढं पाणी, एवढा जाळ, म्हणजे दहा मिनिटं. एकदा मात्र नाही मोजलं."

मग त्याने खरं काय झालं ते सांगितलं. एकोणीसशे एकवीस साली, इंजिन हातात येऊन तीन आठवडे झाले असताना, पाण्याच्या काचेकडे बघायचं सोडून तो बेकरीवाल्याच्या मुलीकडे बघत बसला होता. बॉयलरमधलं पाणी उतरलं. मोठ्या इंजिनात भट्टीच्या छताला शिशाचं बूच असतं. पाणी संपलं की ते वितळतं आणि वाफ खाली येऊन विस्तव विझवते. तसंच झालं. मळणीला आलेली चौदा माणसं दिवसभर हात बांधून उभी राहिली. बूच जुनं होतं, असं त्याने मालकाला सांगितलं, आणि तेच आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

एनिडने त्याला धीर वगैरे दिला नाही. ती विचार करत होती.

"म्हणजे पाणी असेपर्यंत ते शिसं वितळत नाही?"

"पाणीच त्याला गार ठेवतं."

"मग यात ते बूच कुठंय?"

"या एवढ्याशात नसतं. यात तू लक्ष ठेवायचं."

"आणि ती मुलगी?"

"तिने खाटकाशी लग्न केलं," होरेस म्हणाला. आता तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी एनिडने इंजिनाला सुतळीने चाकांचा एक जुना स्केट बांधला आणि त्यावर जॅमची बरणी ठेवली. इंजिनाने एक ओढली, मग दोन, तीन. चौथ्या बरणीला चाकं जागच्या जागी गरगरू लागली. जोर कमी पडतोय की पकड, तिने विचारलं. होरेसने चाकांचा आवाज ऐकला आणि तो म्हणाला, की खरं सांगायचं तर त्याला माहीत नाही. मागच्या चाकांवर वजन टाकून बघू या का, त्याने विचारलं. एनिड वजनाला शिशाचं काही मिळतं का ते बघायला घरात गेली. तोवर होरेस बादलीवर बसून किटली उकळायची वाट बघत राहिला.