एकमत

निवृत्त हेडमास्तरांनी आणि त्यांच्या बायकोने पेनांची टोपणं एकदमच लावली. दोघं दोन टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मध्ये फायलींचं उंच कपाट होतं. कचेरीतल्या ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि फॉर्म घ्यायला उठल्या.

सहलीच्या त्या कचेरीची ही जुनी पद्धत होती. "नवराबायकोला शेजारी बसवलं की एक लिहितो आणि दुसरा मान डोलावतो," असं मालकांचं म्हणणं. म्हणून बेटांवरून परत आलेल्या प्रत्येक जोडप्याला अभिप्रायाचे दोन फॉर्म आणि दोन टेबलं. अकरा वर्षं ताई हेच काम करत होत्या आणि त्यांची फुकटात करमणूक होत होती. बेटं सगळी इवलीशी, दहाबारा खोल्यांची, चहूकडे तेच पाणी. पण एकाच खोलीत राहून आलेली माणसं दोन निराळ्या बेटांवर जाऊन आल्यासारखं लिहायची. नवरा लिही, 'शांतता अप्रतिम.' बायको लिही, 'करमणुकीच्या नावाने शंख.' एकाला छपरावरच्या झावळ्यांच्या आवाजाने गाढ झोप लागे. दुसरीला रात्रभर वर काहीतरी खरवडतंय असं वाटे, शिवाय शेजारी घोरणं चालूच.

"काय, बरं वाटलं ना तिथे?" ताईंनी विचारलं.

"बरं वाटलं," हेडमास्तर म्हणाले.

"बरं वाटलं," त्यांच्या बायको म्हणाल्या.

जाताना याच दोघांनी होडीत कुणी कुठे बसायचं यावरून कचेरी डोक्यावर घेतली होती. आता ते निघाले, आणि जिना उतरताना पावलं मात्र एकाच माणसाची वाजली. ताईंनी वाकून पाहिलं. दोघंही उतरत होते.

ताईंचं काम म्हणजे फॉर्मवरचे गुण वहीत उतरवायचे. मागच्या पानावर 'आणखी काही सांगायचं आहे का?' असा रकाना होता. तो फक्त गुण कमी पडले तरच वाचायचा. तक्रार नसेल तर पान उलटायचं कशाला, कौतुक वाचायला वेळ कुणाला आहे! हेडमास्तर गेले होते त्या बेटाला तर प्रत्येक जण पैकीच्या पैकी गुण देई. वर्षभरात सात जोड्या गेल्या. सातही हसतमुखाने परत आल्या.

त्या गुणांच्या भरवशावर ताईंनी चार दिवसांपूर्वी स्वतःच्या लेकीला आणि जावयाला तिथे धाडलं होतं.

लेक वकील. भांडण हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि घरी तो विनामूल्य चाले. लहानपणी दूध नको म्हणून ती तासभर युक्तिवाद करायची. जावई बोलका, थट्टेखोर. तोही काही कमी नव्हता. त्याची दुसऱ्या गावी बदली झाली, तिला वकिली सोडून जायचं नव्हतं, आणि गेले तीन महिने घरात महाभारत चाललं होतं. शेवटी ती बॅग घेऊन माहेरी आली. संसार मोडतोय की काय, या धास्तीने ताईंना झोप लागेना. दुसऱ्या दिवशी वही उघडली, तर हे बेट दिसलं. तिथून प्रत्येक जोडी एकमताने परत येते! देवच पावला, असं त्यांना वाटलं.

आज लेकीच्या काळजीपोटी असेल, त्यांनी हेडमास्तरांचा फॉर्म उलटला. 'इथे आल्यावर सगळं सोपं झालं. पाणी निळं आहे.' 'निळं' खोडून वर 'हिरवं' लिहिलं होतं. मग बायकोचा उलटला. 'इथे आल्यावर सगळं सोपं झालं. पाणी निळं आहे.' तिथेही 'निळं' खोडलं होतं. वर 'हिरवं'.

ताईंनी खणातून बाकीचे कागद काढले आणि फरशीवरच बसकण मारली. डॉक्टर जोडपं. नुकतं लग्न झालेली पोरं. दोघी बहिणी. प्रत्येक जोडीचे दोन कागद शब्दाला शब्द सारखे. जिथे एकाचं पेन अडखळलं, तिथेच दुसऱ्याचं अडखळलेलं. धाकट्या बहिणीने लिहिलं होतं, 'मला ताईचं पूर्वी काय आवडायचं नाही, ते आठवत नाही.' थोरलीच्या कागदावरही 'ताईचं'च होतं. आणि ती थोरली होती.

त्या तशाच मालकांकडे गेल्या. मालकांनी कागद पाहिले आणि खूश झाले.

"अहो ताई, नवराबायकोचं पटतंय म्हणून घाबरणाऱ्या तुम्ही पहिल्याच! जाहिरातीत टाकू की हे."

"साहेब, माझी मुलगी तिथे आहे."

"मग पेढे द्यायचे सोडून रडताय काय?"

ताईंनी बेटावर फोन लावला. पहिल्या दिवशी लेकीने वीस मिनिटं तोंडसुख घेतलं होतं. टॉवेल ओले, वाळू चादरीत, हा माणूस दर पाच मिनिटांनी विनोद सांगतो, कुठे पाठवलंस गं मला! तेव्हा ताई मनातल्या मनात कंटाळल्या होत्या. आता त्या फोनमधल्या लाटांचा आवाज ऐकत थांबल्या.

"आई."

"अगं, कशी आहेस? टॉवेल बदलून दिले का?"

"बरी आहे."

"वाळू?"

"आहे की. छान आहे."

"तू निघून ये बघू. आजच ये. मी होडी पाठवायला सांगते."

ती चिडेल, मी काय कुक्कुलं बाळ आहे का, असं म्हणेल, म्हणून ताईंनी फोन कानापासून किंचित लांबही धरला.

"परवाची होडी आहे ना," लेक शांतपणे म्हणाली. "परवा येतो."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती दोघं आली. उन्हाने रापलेली, तुकतुकीत, हसरी. ताईंनी मुद्दाम भोपळ्याची भाजी केली होती. भोपळा पाहिला की ही पोर ताट सरकवायची, लग्नानंतरसुद्धा. तिने पोळी मोडली, भाजी घेतली, चावून खाल्ली.

"छान झालीये," ती म्हणाली.

"छान झालीये," जावई म्हणाला.

ताईंनी डिवचून पाहिलं. "बदलीचं काय ठरलं मग? वकिली सोडणार म्हणे ही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जाऊ की," ती म्हणाली.

"नाहीतर राहू," तो म्हणाला, आणि यावर तिने काहीच हरकत घेतली नाही. जेवण संपेपर्यंत त्याने एकही विनोद सांगितला नाही. पूर्वी त्याचे विनोद सुरू झाले की ताई पाणी आणायच्या निमित्ताने उठायच्या.

ताटं उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून ओट्याशी रडू लागल्या. आपणच हिला पाठवलं. आपल्याच हाताने. मागे लेक येऊन उभी राहिली. तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला. हात उबदार होता, तिचाच होता.

"काय झालं, आई?"

ताई वळल्या. त्यांनी तिचे दोन्ही खांदे धरले.

"माझ्याशी भांड गं," त्या कुजबुजल्या. "एकदा तरी भांड. वाटेल ते बोल मला."

लेकीने मान तिरकी केली. ती मनापासून विचार करत होती. आईला हवं ते द्यावं, असं तिला खरंच वाटत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नळ धो धो वाहत होता. बाहेरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"भांडते ना," ती म्हणाली. "कशावरून भांडू?"

दाराआडून, तितक्याच मायेने, जावयाने विचारलं, "कशावरून, आई?"