चिमटा चासीला, सुई वायरीला

ही हकीकत एकोणीसशे त्र्याऐंशी सालची आहे. त्या वर्षी माझ्या साक्षीवरून एक ट्रक भंगारात निघाला होता, आणि चौथ्या दिवशी माझ्याच साक्षीवरून तो वाचला. दोन्ही वेळा मी खरेच बोललो होतो. ते कसे, ते सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. म्हणजे काय, तर चोवीस व्होल्टचा एक बारका बल्ब आणि त्याला दोन वायरी. एकीच्या टोकाला दातेरी चिमटा, दुसरीच्या टोकाला सायकलची तार घासून केलेली सुई. माझा पहिला बल्ब मोडीत निघालेल्या एका लष्करी ट्रकच्या डॅशबोर्डातून काढलेला होता. माझी मूठ म्हणजे शाईच्या पेनाची नळी. लष्करी वर्कशॉपमधल्या एका वायरमनने जेवणाच्या सुट्टीत मला तयार केले. कथलाचा शेवटचा डाग देऊन त्याने मला बॅटरीला लावले. मी पेटलो. "झालं," तो म्हणाला, "आता खोटं बोलायचं नाही." माझ्या जन्माचा सोहळा एवढाच.

त्या वायरमनला सगळे मास्तर म्हणत. त्र्याऐंशी सालापर्यंत त्यांच्या खिशात मी सव्वीस वर्षे काढली होती, आधी लष्करात आणि मग बाहेर. लष्करी ट्रकच्या दिव्यांची तऱ्हाच वेगळी असते. त्याच्या बटणाला तीन खटके असतात, आणि शत्रूला दिसू नये म्हणून अंधारातून गुपचूप जाण्याची त्यात खास सोय असते. खटका त्या सोयीवर राहिला की इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे मुद्दामच बंद राहतात. नवे ड्रायव्हर हमखास तिथे फसत आणि सगळी वायरिंग उसवायला निघत. मास्तर येत, एक खटका फिरवत आणि निघून जात. निम्म्या तक्रारी तिथेच मिटत.

उरलेल्या निम्म्यांसाठी मी होतो. मास्तरांचा धडा एकच होता: चिमटा चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, आणि सुई वायरीला. दिवा पेटला तर करंट आला आहे. नाही पेटला तर मागे मागे सरकत जायचे. कितीतरी जणांनी हा धडा पाठ केला.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी बसस्टँडच्या मागे एक गाळा घेतला. त्यांची मुलगी बेबी आधी तिथे नुसती बल्ब पुसायची. नंतर ती पदर खोचून गाडीखाली शिरू लागली. पंधरा वर्षांत तिचे हात वडिलांइतके तयार झाले होते, पण गिऱ्हाइके अजून मास्तरांनाच शोधत यायची. आणि मास्तरांच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. मी पेटलो की नाही, हे ते हळूच बेबीला विचारत. तीही हळूच सांगे. बाहेर कुणाला पत्ता नव्हता.

अशात एका मंगळवारी टाकीचा ट्रक आला. लष्कराने काढून टाकलेला तो ट्रक टेकडीवरच्या वस्तीला पाणी पोचवत असे. त्या चढणीवर दुसरी गाडी टिकत नव्हती. ड्रायव्हर अकरा वर्षे तोच चालवत होता आणि त्याला 'म्हातारा' म्हणत असे.

"मास्तर, म्हातारा दोनदा नापास झालाय. शनिवारी शेवटची तपासणी. पुन्हा नापास झाला तर कापून भंगारात टाकणार."

"कुठला म्हातारा? मी तर अजून पास आहे," मास्तर म्हणाले.

ट्रक मात्र नवरदेवासारखा दिसत होता. ड्रायव्हरने रजा टाकून तो स्वतःच्या हाताने खरवडला होता आणि हिरवा रंग दिला होता. त्यानेच सांगितले की दिवे बिघडले ते रंगानंतर, पण तो योगायोग असणार असे त्याचे म्हणणे होते. लक्षणे विचित्र होती. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे नुसते मिणमिणत आणि पुढे डॅशबोर्ड मंद उजळे. इंडिकेटर दिला की दिव्याची उघडझाप करणारा फ्लॅशर टिकटिकतच नसे.

मास्तरांनी खटका पाहिला. बरोबर होता. मग चिमटा चासीच्या उघड्या बोल्टला आणि सुई मागच्या दिव्याच्या वायरीला. मी लख्ख पेटलो. बेबी म्हणाली, "आला." दुसरीकडे लावले. "आला." फ्लॅशर बदलला, बल्ब बदलले, स्टिअरिंगखालचे बटणही बदलले. मी प्रत्येक वेळी 'आला' म्हणत होतो आणि ट्रक होता तिथेच होता. गुरुवारी मास्तरांनी निकाल दिला. वायरी आतून कुजल्या आहेत, सगळ्या काढून नव्या घाला. काम पंधरा दिवसांचे. ड्रायव्हर बंपरवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

शुक्रवारी सकाळी बेबीने मला हातात घेतले. "अप्पा, दिवा हो म्हणतोय आणि गाडी नाही म्हणतेय. एकदा उलटं विचारून बघू का?"

"उलटं म्हणजे?"

"चिमटा बॅटरीला, सुई दिव्याच्या पत्र्याला."

"सव्वीस वर्षांत माझ्या दिव्याला कुणी उलटं विचारलेलं नाही."

"म्हणूनच म्हणते."

मास्तर हातातली जुनी वायर गुंडाळत राहिले. त्यांचा हा नकार होता की होकार, मला कळले नाही. बेबीने होकार धरला. लांब वायर जोडून तिने माझा चिमटा बॅटरीच्या करंटच्या टोकाला लावला. मागच्या दिव्यातला बल्ब आधी काढून ठेवला, नाहीतर उत्तरात भेसळ झाली असती. मग सुई दिव्याच्या पत्र्याला टेकवली. मी पेटलो नाही. तीच सुई उघड्या बोल्टला टेकवली, तसा मी लख्ख पेटलो.

मित्रांनो, करंट दिव्यापर्यंत येत होता, पण पत्र्यातून चासीत आणि तिथून बॅटरीकडे परत जायला त्याला वाट नव्हती. इतके दिवस मला फक्त येण्याबद्दल विचारले होते. परतीचे कुणी विचारलेच नव्हते.

"ड्रायव्हरदादा," बेबीने विचारले, "रंगवताना दिवे काढले होते?"

"काढले म्हणजे? नाहीतर कडेला ब्रशचे फराटे दिसतात. दिव्यांच्या मागेसुद्धा दोन-दोन हात दिलेत." तो अभिमानाने सांगत होता. मग त्याने हिरव्या रंगाकडे पाहिले. "म्हणजे मीच याचा गळा दाबला?"

मास्तर हसू लागले. "लष्करात दिवे काढून रंगवायला सवड कुणाला होती? वरूनच फासायचे. म्हणून हा रोग मला कधी भेटलाच नाही."

बेबीने ड्रायव्हरच्या हाती पॉलिश पेपर दिला. "दिव्यामागे नखाएवढी जागा उघडी करा, पत्रा लोखंडाला टेकला की पुरे." आपलाच रंग खरवडताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. दिवे पुन्हा बसवले. ब्रेक दाबला. मागे दोन लाल दिवे लागले, आणि इंडिकेटर दिल्याबरोबर टिकटिक सुरू झाली. मास्तरांना लाल दिसले की नाही कोण जाणे, पण टिकटिक त्यांनी मान डोलवत ऐकली. मग ड्रायव्हरच्या देखत, मोठ्याने म्हणाले, "मला हल्ली नीट दिसत नाही. इथून पुढे गाडी बेबीला दाखवत जा."

शनिवारी तपासणीच्या साहेबांनी तीनदा ब्रेक दाबायला लावला आणि सही केली.

पुढे मास्तरांनी डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले. सहा वर्षांनी ते झोपेतच गेले. ड्रायव्हरने उरलेल्या हिरव्या रंगाने गाळ्याच्या भिंतीवर 'आधी परतीची वाट बघा' असे लिहून दिले. निवृत्तीनंतरही तो चहाच्या वेळी येई आणि ती अक्षरे उजळून जाई. मागच्या वर्षी तोही गेला. म्हाताऱ्याने आणखी नऊ वर्षे पाणी वाहिले. टेकडीवर नळ आले तेव्हा त्याला पाणीखात्याच्या फाटकाशी उभे केले, तिथे तो अजून आहे. बेबीचे केस पिकले, तिने गाळा भाचीला दिला.

आणि मी गाळ्यातल्या खणात आहे. माझा बल्ब तीनदा बदलला, चिमटा दोनदा. मूठ तीच आहे, तिच्यावर मास्तरांच्या अंगठ्याने पडलेला खळगा आहे. नव्या गाड्यांच्या नाजूक यंत्रांना माझा करंट सोसत नाही, म्हणून मला त्यांच्यापासून लांब ठेवतात. ते योग्यच आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याची वायर घट्ट गुंडाळू नका, आतून तुटते. आणि त्याच्या 'नाही'वर विश्वास ठेवण्याआधी त्याला एकदा बॅटरीला लावून बघा. नाही म्हणणारा स्वतःच विझलेला असू शकतो. बेबी अजूनही खण उघडला की मला आधी बॅटरीला टेकवते. मी पेटतो. मग ती आत भाचीला हाक मारते, "आहे गं, अजून आहे."