चिमणी घोडीच्या पोटाशी

तंग आवळण्यासाठी हात पुढे आला, की चिमणीच्या नाकपुडीच्या वर एक बारीक सुरकुती पडत असे. मग कान मागे जात आणि मग दात दिसत. दात सगळ्यांना दिसत. सुरकुती फार थोड्यांनी पाहिली.

मित्रांनो, मी एक जुना तंग आहे. खोगीर घसरू नये म्हणून घोड्याच्या पोटाखालून जो चामड्याचा पट्टा बांधतात, तो मी. चिमणी ही माझी घोडी. शिंगरू असताना ती हडकुळी होती, म्हणून हे नाव पडले. पुढे तिचे कान दाराच्या चौकटीला लागू लागले, तरी नाव बदलले नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने शिवले. दोरा तो आधी मेणातून ओढून घेई आणि टाका आवळताना स्वतःचेच दात आवळी. काम संपल्यावर त्याने मला आपल्याच पोटाला लावून पाहिले. "मला टोचला नाही, म्हणजे घोड्यालाही टोचणार नाही," तो म्हणाला. त्याचे पोट घोड्याच्या निम्मेही नव्हते, पण तपासण्याची ती पद्धत मला अजून आवडते.

तिथून मी घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेत आलो. मालकांची मुलगी तेव्हा लहान होती. बालदी पालथी घालून ती तिच्यावर उभी राही आणि माझे बक्कल लावी. तंग फार घट्ट नाही ना, हे त्याच्याखाली दोन बोटे घालून पाहायचे असते. थंडीच्या सकाळी तिची गार बोटे तपासणी झाली तरी तिथेच ऊब घेत राहत.

"झालं का गं? की आज घोडीच्या पोटातच मुक्काम?" मालक ओरडत.

ते दिवस मला फार आठवतात. शिकवणी नसली की चिमणी तबेल्यामागच्या माळावर चरत असे. तिच्या पोटात सतत काहीतरी गुडगुडे, लांबवर गाडी चालल्यासारखे. माझ्या चामड्यातून ते मला जाणवे. अडथळ्यांच्या स्पर्धेत ती पहिली आली, तेव्हा मालकांनी स्वतःच्या हाताने मला तेल चोळले आणि चिमणीच्या मानेवर कपाळ टेकून बराच वेळ उभे राहिले.

मग शाळेचे नाव झाले. विद्यार्थी वाढले. चिमणीला माळावरून आणण्यात वेळ जाई, म्हणून ती तबेल्यातच, ठाणावर बांधलेली राहू लागली. भरल्या पोटी घोडा जड होतो, हा मालकांचा वाडवडिलांपासूनचा नियम. संध्याकाळचा खुराक संपला, की दुसऱ्या दिवशी शेवटचा विद्यार्थी उतरेपर्यंत तिच्यापुढे गवताची काडी पडत नसे. माळावर असताना ती गुपचूप चरून घेई आणि नियम पाळला जातोय असे सगळ्यांना वाटे. ठाणावर ते जमेना.

हळूहळू ती बदलली. खुराक अर्धा टाकू लागली. तिची कातडी निस्तेज झाली. जांभया देई, दात करकर खाई आणि मला पाहताच चावायला धावे.

"ही घोडी आहे की सासू? उठल्यासुटल्या डाफरते!" मालक म्हणत.

"जित्याची खोड आहे, मालक," घोड्यांची निगा राखणारे मोतद्दारकाका म्हणत. "मेल्याशिवाय जायची नाही."

एके दिवशी तिने एका विद्यार्थ्याची बाही फाडली. भाड्याने टांगे देणाऱ्या एका गृहस्थाने तिला मागितले होतेच. टांग्याला जुंपली की सरळ होईल, असे त्याचे म्हणणे. मालकांची मुलगी आता मोठी होऊन शाळेत शिकवत होती. तिने विचारले, "बाबा, तुम्ही तिला विकणार?"

"बघू," मालक म्हणाले. कित्येक दिवस ते एवढेच म्हणत राहिले.

मुलीने मग घोड्यांच्या डॉक्टरबाईंना बोलावले. पहिला संशय माझ्यावरच आला. त्यांनी माझ्या एकेका टाक्यावरून अंगठा फिरवला. मी निर्दोष ठरलो. मग चिमणीची पाठ, दात, खूर पाहिले. तिथेही काही सापडले नाही.

"ती चिडते कधी? खाण्याआधी, की खाल्ल्यावर?" त्यांनी विचारले.

मुलीने मोतद्दारकाकांकडे पाहिले, त्यांनी मालकांकडे.

"आता घोडीचा मूड विचारून खोगीर घालायचं का?" मालक.

"विचारू नका. नुसतं बघा."

रोज खोगीर घालण्याआधी चिमणीला टोपलीभर वाळके गवत देऊन पाहायचे ठरले. सुरकुती पडतच राहिली, पण दात क्वचित दिसू लागले.

"लाच दिली तर कुणीही गप्प बसेल," मालक म्हणाले.

"मग आतच डोकावू या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

गुंगीचे इंजेक्शन देऊन त्यांनी चिमणीच्या नाकातून एक लांब नळी पोटात सोडली. नळीच्या टोकाला कॅमेरा होता. मी समोर खुंटीवर होतो. पडद्यावर जठराचे फिकट अस्तर दिसले आणि त्यावर लालभडक, खरवडल्यासारखे व्रण.

"घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असतं," डॉक्टरबाईंनी सांगितले. "गवत असलं की ते गवतात मुरतं. पोट रिकामं ठेवून पळवलं, तर ते वर उसळतं आणि इथे पोळतं."

मालक पडद्याजवळ सरकले. "हे सगळं माझ्या नियमानं?"

मुलीने हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

औषध सुरू झाले. पुढ्यात गवत आले, माळही परत मिळाला. काही आठवड्यांनी पुन्हा नळी घातली, तेव्हा व्रण भरून आले होते. मालकांनी मोठ्या आशेने मला खुंटीवरून काढून घोडीला बांधले. चिमणीच्या पोटातली गुडगुड मला पुन्हा ऐकू आली. पण तिचे सारे अंग आक्रसले होते.

"बरी झालीय ना? मग अशी का करते?"

"तंग म्हणजे दुखणं, एवढंच ती शिकलीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "विसरेलही. पण वेळ लागेल, आणि आता तिचं वयही झालंय."

मित्रांनो, मुक्या जनावराला आपले दुखणे नाव घेऊन सांगता येत नाही. ते चिडते. त्याला खोडकर म्हणण्याआधी ते कधी चिडते ते पाहा, त्याच्या पुढ्यात काय आहे ते पाहा. मी एवढी वर्षे चिमणीच्या पोटाला चिकटून होतो, तरी आतले मला कळले नाही. विचारणारे कुणी आले, तेव्हा कळले.

तेवढ्यात टांगेवाले गृहस्थ फाटकातून आत आले. "काय मालक, आज तरी काही ठरलं का?"

मालकांचे ओठ नेहमीच्या शब्दासाठी हलले. मग ते थांबले. त्यांनी खाली वाकून माझे बक्कल सोडले. मी त्यांच्या हातात आलो, तसा चिमणीने लांब श्वास सोडला.

"ठरलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "चिमणी विकायची नाही. आणि आजपासून तिच्यावर खोगीरही चढणार नाही."