श्वासापुरती वीज

शनिवारी सकाळी निघायचं होतं, आणि शुक्रवारची दुपार झाली तरी गाडीची बॅटरी का भरत नाही हे निवेदिताला कळलेलं नव्हतं.

गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याने, गौतमने, जुनी मिनीबस घेऊन एका वर्कशॉपमधून करवून घेतलेलं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, छोटा फ्रिज, संडास. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. गाडी पळत असताना इंजिनाने घराची बॅटरी भरायची आणि गाडी उभी राहिली की त्या बॅटरीवर दिवे, पंखा, फ्रिज चालायचे. आणि सासूबाईंचं श्वासाचं मशीन. हा हिशेब निवेदितानेच मांडला होता. ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची; घरात कुणी तिचा आकडा पुन्हा तपासत नसे.

विमलाबाईंना झोपेत पुरेसा श्वास घेता येत नसे. रात्री नाकातोंडावर मास्क लावायचा आणि मशीनने आत हवा ढकलायची. एकही रात्र मशीनशिवाय काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे रायपुरातल्या शंकर नगरच्या घराबाहेर त्या कुठे मुक्कामाला गेल्याच नव्हत्या. आता अकोटजवळच्या खेड्यात त्यांची मोठी बहीण, सुशीला, अंथरुणाला खिळली होती. फोनवर तिचं एकच पालुपद, "विमल, तू येतं ना?" त्या खेड्यात रात्री वीज कधी जाईल याचा नेम नाही. तेव्हा निवेदिताने शब्द दिला होता, "आई, मी नेते तुम्हाला."

मागच्या आठवड्यात सगळे गंगरेल धरणावर दोन रात्री राहून पाहायला गेले. पहिली रात्र सुखाची गेली. दुसऱ्या दिवशी सिहावाच्या डोंगरापर्यंत फिरून आले. एवढ्या प्रवासात बॅटरी काठोकाठ भरायला हवी होती. पण त्या रात्री उजाडता उजाडता मशीन बंद पडलं आणि विमलाबाई मास्क ओरबाडत उठल्या. त्यांच्या ओठांचा तो निळसर रंग निवेदिताच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तेव्हापासून तिने काय नाही केलं? बॅटरीची टोकं घासली, फ्यूज पाहिले, बॅटरी तपासून आणली. वर्कशॉपचा माणूसही येऊन गेला. घरासमोर इंजिन सुरू करून मीटर लावला की आकडा मुकाट वर चढे. दुखणाऱ्या दाताने डॉक्टरच्या खुर्चीत शहाणं व्हावं, तसं.

"मॅडम, सब बराबर है," तो म्हणाला आणि गेला.

सब बराबर! निवेदिताला त्या शब्दांचाच धसका बसला. बिघाड सापडला तर दुरुस्त करता येतो. न सापडलेला बिघाड बरोबर घेऊन अकोटला जायचं, म्हणजे सासूबाईंचा जीव टांगणीला लावायचा.

विमलाबाई स्वयंपाकघरात बहिणीसाठी बेसनाचे लाडू वळत होत्या. दोन लाडू झाले की थांबून दम घ्यायच्या.

"तू काहून इतका जीव जाळून राहिली?" त्यांनी विचारलं. "जेवली नाही अजून."

"आई, समजा उद्या नाही जमलं तर..."

"तर लाडू तूच खा." त्या हसल्या, पण हात थांबला. "सुशी वाट पाहून राहिली गं. तिच्याजवळ दिवस आहेत का?"

बोलता बोलता त्यांनी निवेदितापुढे जेवणाचं ताट सरकवलं.

"दूध मात्र घरूनच उकळून घेजो," विमलाबाई पुढे म्हणाल्या. "तुह्या फ्रिजच्या भरवशावर नको. सिहावाहून आलो तं फाटलं होतं ना सारं."

"ऊन किती होतं, आई."

"ऊन बाहेर होतं. फ्रिजच्या आत काहून येईन? सकाळी तं पाणी कसं गार लागत होतं."

निवेदिता पुढे केलेल्या ताटाकडे पाहत राहिली. सकाळी पाणी गार होतं. म्हणजे रात्रभर, गाडी उभी असताना, फ्रिज चालला. संध्याकाळी दूध फाटलं. म्हणजे दिवसा, गाडी पळत असताना, तो बंद होता. आणि बॅटरीही भरत नव्हती ती गाडी पळत असतानाच! दोन बिघाड एकाच वेळी येऊन एकाच वेळी जातील, हे तिच्या मनाला पटेना. दोघांत सामाईक काय? बॅटरीतून निघालेली जाड तार दाराजवळच्या मेन स्विचवर जायची, आणि आत येणारी-बाहेर जाणारी सगळी वीज त्याच्यातूनच जायची. स्विच तर तिने कितीदा पाहिला होता. दरवेळी चालूच. पण रस्त्याच्या धक्क्यांनी आतला सांधा सुटत असेल तर?

"गौतम, गाडी काढ," ती बाहेर येत म्हणाली. "आत्ता. सगळे बसा, अगदी प्रवासाला निघाल्यासारखे. मशीनही घ्या."

"अभी? धूप देखी है?" गौतम म्हणाला, पण तिचा चेहरा पाहून त्याने किल्ली उचलली.

गंगरेलच्या वेळी निवेदिता आणि विमलाबाई पुढे गौतमशेजारी बसल्या होत्या. आज ती मागे, बॅटरीच्या पेटीजवळ फरशीवर बसली आणि मीटरच्या दोन्ही तारा बॅटरीच्या टोकांना लावल्या. गौतमने इंजिन सुरू केलं. आकडा चौदा व्होल्टच्या वर गेला. भरत होती.

सगळ्यांत शेवटी सासरे, दिवाकरराव, चढले. सिंचन खात्यातून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस. त्यांनी दार ओढलं, कडी घातली, कडी हलवून पाहिली. "चला," ते म्हणाले आणि खिडकी उघडून आपल्या जागेवर बसले.

मीटरवरचा आकडा घसरत बाराच्या घरात आला.

गाडी अजून जागची हललीही नव्हती. कसला धक्का? निवेदिताने मान वर केली. मेन स्विचचं लाल बोंड आडवं होतं.

"बाबा," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "हे तुम्ही बंद केलं?"

"हव." दिवाकररावांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "घर सोडून निघालो ना. मेन बंद नको करू?"

"गंगरेललाही केलं होतं?"

"दरवेळी करतो. निघताना बंद, पोचलो की चालू. गॅस, नळ, मेन. जन्मभर केलं, म्हणून तं कधी आग लागली नाही घराले." ते जरा थांबले. "काहून? काय झालं?"

निवेदिताने शक्य तितक्या हलक्या शब्दांत सांगितलं. बंद स्विचमधून वीज जशी बाहेर जात नाही, तशी आतही येत नाही. इंजिन चालू होतं, पण बॅटरीचं दार लागलेलं होतं. स्वतःला मात्र तिने मनात चांगलंच सुनावलं. वर्कशॉपने इंजिनाकडून येणारी भरायची तार स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, न जोडता पलीकडे जोडली, हे तिने पाहिलं होतं. त्याचा अर्थ काय होतो याचा विचार केला नव्हता.

पुढच्या सीटवरून विमलाबाई म्हणाल्या, "घ्या! घर जळू नये म्हणून मेन बंद करत आले, अन् आता बायकोच बंद करत होते."

गौतम फिसकन हसला. दिवाकरराव हसले नाहीत. त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला.

"मी नाही येत उद्या," ते म्हणाले. "तुम्ही जा. मी ध्यान ठेवीन म्हणतो, पण हा हात मले विचारून थोडीच करते? सकाळी फिरायले उतरलो, अन् विमल झोपली असली, अन् मी..." त्यांनी स्विचकडे बोट केलं.

त्यांनी न बोललेलं वाक्य निवेदिताला लख्ख दिसलं. बॅटरी भरली असती, सगळं बरोबर असतं, तरीही मेन बंद होताच मशीन थांबलं असतं.

"गौतम, नव्या रायपूरकडे घे," ती म्हणाली. "मोकळा रस्ता पाहून सावलीत थांब. इंजिन बंद कर."

नव्या राजधानीचे रस्ते त्या दुपारी लांबच लांब आणि रिकामे पडले होते. एका ओस बसथांब्यामागच्या झाडाखाली गाडी थांबली. निवेदिताने आधी बॅटरीचं ऋण टोक सोडवलं, मग पान्याने भरायच्या तारेचा बोल्ट काढला आणि ती तार स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या बाजूला आणली. मशीनची तारही तिने तिथेच जोडली, स्वतंत्र फ्यूज घालून. दोनदा बोल्ट निसटला. प्रत्येक सांधा तिने ओढून पाहिला, मग पुन्हा ओढून पाहिला. शेवटी ऋण टोक परत बसवून तिने मेन स्विच चालू केला.

"आता मेनवर काय राहिलं?" दिवाकररावांनी विचारलं.

"दिवे, पंखा, फ्रिज. भरणं आणि मशीन त्याच्या हाताखाली नाही."

"नक्की?"

"बघून सांगते, बाबा." तिला 'नक्की' म्हणायचा धीर होत नव्हता.

विमलाबाई पलंगावर आडव्या झाल्या. निवेदिताने त्यांना मास्क चढवला आणि मशीन लावलं. हवेचा संथ सुस्कारा सुरू झाला. डोक्यावर पंखा फिरत होता. गौतमने इंजिन चालू केलं आणि निवेदिता मीटर घेऊन पुन्हा फरशीवर बसली.

"बाबा, मेन बंद करा."

दिवाकरराव स्विचजवळ जाऊन उभे राहिले. हात वर गेला आणि बोंडापाशी थांबला. इतकी वर्षं न विचारता चालणारा तो हात आता सांगूनही चालेना.

"गौतम करेल," ते पुटपुटले.

विमलाबाईंनी मास्कमधून काहीतरी म्हटलं, ते कुणाला कळलं नाही. तेव्हा त्यांनी पडल्या पडल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातून घाई करताना करायच्या तशी बोटं हलवली. करा की लवकर.

खट् झालं. पंखा मंदावत थांबला. ओट्यावरचा दिवा गेला. दिवाकररावांनी डोळे मिटून घेतले होते.

मशीन चालूच होतं. विमलाबाईंची छाती संथ वर येत होती, खाली जात होती. मीटरवर आकडा चौदाच्या वर ठाम होता.

"उद्या किती वाजता निघायचं?" पुढून गौतमने विचारलं.

"थांब," निवेदिता म्हणाली. "थोडी चालव आधी." तिने मीटरवरून नजर काढली नाही. गाडी नव्या, रिकाम्या रस्त्याला लागली. एक चौक गेला, दुसरा गेला. दिवाकरराव स्विचला पाठ करून पलंगाच्या कडेला बसले आणि बायकोचे श्वास मोजू लागले.