अकरावे पान

उज्ज्वलाच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून आठ महिने झाले, हे नीळकंठरावांना पुन्हा आठवले तेव्हा ते चमच्याच्या दांड्याने कीबोर्डचे एक बटन उपसत होते. बटनाखाली कापसाच्या तंतूंची मळकट गादी साचली होती. ते सांभाळत असलेल्या मुकुटबनच्या वाचनालयासमोरच कापसातून सरकी काढायची जिनिंग. हंगामात तंतू कुठेही शिरायचा.

हात थरथरतो, अक्षर वाचवत नाही, म्हणून उत्तर टाइप करायचे त्यांनी ठरवले होते. मग पाच बटने उमटेनाशी झाली. त्यांना मनातून जरा बरेच वाटले होते.

उज्ज्वला जवळच्या बंजारा तांड्यावरची. याच वाचनालयात वाचून मोठी झाली, आता उमरखेडला आश्रमशाळेत शिकवायची. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत तांड्यावर काय काय झाले, ते तिने वहीत लिहिले होते. वहीची झेरॉक्स आणि सोबत पत्र: कसे झाले ते सांगा, नको ते पान काढून टाकीन. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तके वाचणाऱ्याने काय सांगायचे, असे ते स्वतःला बजावत राहिले.

स्पिरिटचा बोळा फिरवून त्यांनी बटने परत बसवली. एकेक दाबून पाहिले. सगळी उमटली. 'लेखन प्रांजळ आहे, तथापि' एवढे लिहून पुसले. पुन्हा तेच लिहिले, पुन्हा पुसले. उठून पाणी प्याले.

तेवढ्यात उज्ज्वलाचे वडील भावसिंग दारात आले. कापसाची गाडी जिनिंगच्या रांगेत लावून आले होते. नंबर लागेल म्हणत बसले नाहीत, पण हललेही नाहीत.

"भाऊ, पोरीचं लिवणं लयच बेकार होतं काय?"

"कोण म्हणालं?"

"थेच म्हणते. भाऊनं उत्तर नाही धाडलं, मंग समजलं म्हणे मले. वही मायजवळ देऊन गेली. चुलीत घाल म्हणे."

"घातली?"

"तिची माय कायले घालते? अंगठेबहाद्दर बाई, पिठाच्या डब्यात ठेवून राह्यली. पण पोरगी आता लिवत नाही, भाऊ."

नीळकंठरावांनी कॉम्प्युटर बंद केला. खणातून आंतर्देशीय पत्र काढले. टपालाची पिशवी तीनला जायची. पावणेतीन झाले होते. हातानेच लिहायला घेतले. ओळी वर चढत होत्या, तरी ते थांबले नाहीत.

'चि. उज्ज्वला, तीनदा वाचले. अकराव्या पानावरचा, तांड्यावर मयत झाली तेव्हा रस्ता बदलून गेलेला वाचनालयवाला मीच. ते खरे आहे. ते पान काढू नकोस.'

भावसिंगांना बरोबर घेऊनच ते टपाल कचेरीपर्यंत गेले. पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला, तरी त्यांचा हात थोडा वेळ फटीतच राहिला.