दोन अंडी आणि पेलाभर दूध

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला कचरू बोलायला लागला, की स्टेशनातली लोकल हिरवा सिग्नल मिळूनही हलायची नाही, म्हणे. ड्रायव्हरला शेवट ऐकायचा असायचा. पाळी सुटली की चार-पाच दोस्त गोष्ट ऐकत ऐकत त्याच्या क्वार्टरपर्यंत यायचे आणि जेवूनच उठायचे. भाकऱ्या चंपा थापायची. थापा कचरू मारायचा.

वीस वर्षांपूर्वी चंपाला दिवस गेले, तेव्हा गरोदर बायकांच्या आहाराची एक पाहणी चालू होती. दर महिन्याला एक ताई फॉर्म घेऊन यायच्या. "काल काय काय खाल्लंत?" चंपाने तोंड उघडायच्या आत कचरू सुरू.

"दोन अंडी, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे. आणि मासा तर एवढा, ताई, की शेपटी शेजारच्या क्वार्टरात."

ताई हसायच्या आणि 'मासा, मध्यम' असं लिहायच्या. घराची अब्रू राहायची.

आता त्याच पाहणीतल्या पोरांची तपासणी चालली होती. चंपाचा बुद्धभूषण एकोणीस वर्षांचा, अंगाने काडी. रक्तदाब दीडशेवर शंभर. दोन महिन्यांत आज तिसऱ्यांदा मोजला, तरी तेवढाच. म्हणून आईबापांनाही बोलावलेलं.

डॉक्टर कादंबरींनी जुनी फाइल उघडली. "रक्त, लघवी सगळं ठीक आहे. आईचा आहारही उत्तम. आमच्या अख्ख्या पाहणीत एवढं चांगलं कुणी खाल्लं नसेल. मग भूषण, खरं सांग. तंबाखू? दारू?"

"नाही, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात."

"घरीही मी त्याला हेच म्हणतोय, खरं सांग," कचरू म्हणाला. दोन महिने तो पोराचे खिसे चाचपत होता.

"पप्पा, अजून किती शपथा घेऊ?"

डॉक्टरांनी पान उलटलं. "जन्माचं वजन मात्र जेमतेम दोन किलो. एवढं खाऊन? गरोदरपणात आईची उपासमार झाली, तर मुलाचा रक्तदाब पुढे चढू शकतो. दर वेळी चढतोच असं नाही. पण इथे तर उपासमार दिसत नाही. बाई, तुम्ही सांगा. तेव्हा काय खायचात?"

चंपाने पदर सारखा केला. "यांनाच विचारा. यांना पाठ आहे."

कचरूच्या जिभेवर दोन अंडी आली. समोर पोरगा न केलेल्या गुन्ह्यापायी मान खाली घालून बसलेला. कचरूने ती अंडी गिळली.

"मी खोटं सांगायचो, मॅडम. पोरगा खरं बोलतोय. ही सगळ्यांच्या मागून जेवायची. उरेल ते."

डॉक्टरांनी पेन उचललं. "उरेल ते म्हणजे काय? किती?"

आणि जन्मात पहिल्यांदा कचरूची गोष्ट अडली. त्या माशाचे काटेसुद्धा त्याने मोजून सांगितले असते. चंपाचं ताट मात्र त्याने कधी पाहिलंच नव्हतं. हात धुतले की तो दोस्तांना स्टेशनापर्यंत पोचवायला निघायचा, राहिलेली गोष्ट पुरी करायला.

तो चंपाकडे वळला. "काय असायचं गं?"

"रोज उरायचंच असं नव्हतं," ती म्हणाली, आणि रक्तदाबाचा पट्टा बांधायला वर केलेली भूषणची बाही तिने हळूच खाली ओढली.